बारा अंड्यांची पावती

नोटीस वहिनीच्या हातात दिली आणि मी दोन पावलं मागं सरकून उभा राहिलो. एकोणीस वर्षं गावच्या कमिटीच्या ऑफिसात शिपाई आहे मी. नोटीस दिल्यावर किती मागं सरकायचं ते मला कळतं. परक्याकडे एक पाऊल पुरतं, घरच्या माणसाकडे दोन लागतात.

वहिनीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडे परत दिला.

"वाचा."

"तुमच्या नावाची आहे. तुम्ही वाचा की."

"मला वाचता येत असतं तर तिकडं खुर्चीवर मी बसले असते आणि इथं कोंबड्यांची घाण तुम्ही काढली असती. वाचा म्हणते ना, भावजी!"

वाचली. कमिटीच्या आवारातली शोभेची रोपं, नग तीन, तुमच्या कोंबड्यांनी उकरून टाकली असं दिसून आलं आहे, सबब दंड रुपये एकशे वीस. दहा तारखेच्या आत न भरल्यास बाजारातली बसायची जागा रद्द.

पहिलं वाक्य ऐकून ती हसली होती. शेवटचं ऐकल्यावर हातातली पाटी तिनं खाली ठेवली.

"जागा? माझी?"

"तसं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय ते सांगा. त्या मेल्या नियमरावानंच ना?"

त्यानंच. नियमराव म्हणजे आमच्या ऑफिसातला कारकून. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता कुणाला आठवत नाही. रेड्यानं शिंग मारलं तरी हा आधी कुठल्या कलमाखाली मारलं ते विचारील, असा माणूस. आणि नियमही कसे, समोर कोण उभा आहे ते बघून निघणारे. स्वतःच्या मेव्हण्यासमोर एकही निघत नाही.

त्या मेव्हण्याचंच सगळं दुखणं होतं. तो बादल्या विकतो. त्याला बाजारात जागा मिळाली होती मागच्या ओळीत, गटारापाशी, तिथं गिऱ्हाईक नाक धरून जातं. आणि वहिनीची जागा कोपऱ्यावर, झाडाच्या सावलीत, एसटीतून उतरलं की पहिली तीच. अठ्ठावीस वर्षं ती तिथं अंडी विकते. माझा भाऊ गेला तेव्हा त्यांची पोर चार वर्षांची होती आणि मी मिसरूड न फुटलेला. तिला शिकवलं, मला शिकवलं, ते सगळं त्या कोपऱ्यावर बसून. ती जागा गेली तर वहिनीनं अंडी घेऊन काय गटारात बसायचं? मला नुसत्या विचारानंच कसंतरी झालं. पण नोकरी माझी तिथंच, तेव्हा तोंड मिटून उभा होतो.

"चला," ती पदर खोचत म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या ऑफिसात. माझी कोंबडी कुठली ते दाखवू दे त्याला."

ऑफिस काय, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडेच. वहिनी पुढं, मी मागं. नियमराव पेन्सिलीला टोक काढत बसला होता. वहिनीला बघून त्यानं फाईल काढली. त्या फाईलीत, देवाशपथ खरं सांगतो, चिकटपट्टीनं एक पीस चिकटवलेलं होतं.

"हा पुरावा," तो म्हणाला. "घटनास्थळी सापडलं."

वहिनीनं वाकून बघितलं. "हे तांबडं आहे."

"असेल."

"असेल काय? माझ्या चाळीस कोंबड्या आहेत, सगळ्या काळ्या. तांबडी एक नाही. विचारा गावाला."

नियमरावानं पीस जरा उजेडात धरलं. "वाळल्यावर रंग बदलतो, बाई."

"तुमचं डोकं वाळलंय! डोक्यावरचे केस काळ्याचे तांबडे झाले म्हणून कोंबडीचंही तसंच होतं होय?"

त्यानं मेंदी लावलेल्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे रागानं बघितलं, जसं काही ते मी बोललो होतो.

"हरकत लेखी द्या. पण दंड आधी भरायचा, हरकत मागून. भरल्याशिवाय ऐकून घेता येत नाही."

"म्हणजे आधी फाशी घ्यायची आणि मग सांगायचं की चोरी मी केली नाही?"

"तसा नियम आहे."

आता वहिनीकडे एकशे वीस रुपये नव्हते असं नाही. पण न केलेल्या गुन्ह्याचे पैसे मोजायचे म्हटलं की तिच्या पोटात कळ उठते. रोख एक रुपया देणार नाही, असं तिनं तिथंच सांगून टाकलं. आणि मग मान वर करून भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते वाचा, भावजी."

भिंतीवर जुन्या कमिटीचा ठराव फ्रेम करून लावलेला आहे. काच फुटकी, पण अक्षर शाबूत. मी वाचलं, "दंड रोख भरावा. रोख नसल्यास तेवढ्या मोलाची घरची वस्तू अगर काम चालेल."

तो ठराव कुणी रद्द केलेला नाही, आणि गावानं त्याचा पुरेपूर फायदा घेतलाय. सुतारानं गाडी रस्त्यात उभी केल्याचा दंड खुर्चीला पाय बसवून भरला. तीन पाय मूळचे, चौथा त्याचा, त्या खुर्चीवर पाहुणा बसला की आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहतो. न्हाव्यानं कचरा टाकल्याचा दंड नियमरावाच्या सहा हजामती करून भरला, त्यातली सहावी त्यानं मुद्दाम वाईट केली. वाजंत्रीवाल्याकडे द्यायला काहीच नव्हतं. त्यानं सभा चालू असताना तासभर सनई वाजवली, आणि त्या दिवशी सगळे ठराव बिनविरोध झाले, कारण कुणाला कुणाचं ऐकूच आलं नाही.

चार तारखेला सकाळी वहिनी टोपली घेऊन ऑफिसात आली. भुशात नीट मांडलेली बारा अंडी.

"दहा रुपयाला एक. बारा दाही एकशे वीस. मोजून घ्या आणि पावती द्या."

नियमरावानं एकेक अंडं उचलून कानाशी हलवलं. काय ऐकू येतं त्याला कुणास ठाऊक.

"पावती अशी लगेच मिळत नाही. वस्तूचं मोल ठरवावं लागतं. त्याला अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष लेकीकडे गेलेत, सव्वीसला येतील."

"आणि दहा तारीख?"

"ती दहालाच येईल."

"साहेब, मी वेळेत आणलंय!"

"आणलंय हे खरं. पण मी अजून घेतलं कुठं?" असं म्हणून तो गालात हसला. मग मला म्हणाला, "टोपली मागच्या खोलीत ठेव. अध्यक्ष बघेपर्यंत वस्तूला कुणी हात लावायचा नाही. जशीच्या तशी राहिली पाहिजे. जबाबदारी तुझी."

वहिनी दारात थबकली. "उन्हाळ्याचे दिवस आहेत. बावीस दिवसांत अंडी नासतील."

"मग नासलेल्या वस्तूचं मोल शून्य," नियमराव म्हणाला.

त्या वेळी माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्याच्या डोक्यात घालावा असं फार वाटलं. घातला नाही. माझी लेक दहावीला आहे.

टोपली मागच्या खोलीत जुन्या फाईलींच्या गठ्ठ्यावर ठेवली. त्या खोलीच्या खिडकीला दोन वर्षं काच नाही. काचेचा अर्ज मीच नियमरावाला दिला होता, तो कुठल्यातरी गठ्ठ्यात तिथंच असेल. संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर टोपलीत वहिनीची ठुसकी बसलेली. ठुसकी म्हणजे तिच्या कळपातली सगळ्यात भांडखोर काळी कोंबडी. आठ दिवस ती खुडूक होऊन अंडी उबवायला घरभर जागा शोधत होती. वहिनीच्या चपलेवरही बसून बघितलं होतं. आता पिसं फुलवून बारा अंड्यांवर अशी पसरली होती की टोपली दिसेना.

उचलायला गेलो तर तिनं माझ्या मनगटाचा लचका तोडला.

नियमरावाला बोलावलं. तो दारातूनच बघत राहिला.

"काढू का हिला?" मी विचारलं.

त्याचे ओठ हलत होते, म्हणजे हिशेब चालला होता. "राहू दे," तो शेवटी म्हणाला. "वस्तूला हात लावायचा नाही असं मीच सांगितलंय. आणि बसली तर बसली. बारा अंड्यांची बारा पिल्लं. पिल्लाची कोंबडी झाली की किती येतात?"

"तीनशे तरी."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया येता येता राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं मालमत्तेचं रजिस्टर काढलं, खुर्च्या, टेबलं, घंटा, तिजोरी यांच्याखाली स्वच्छ अक्षरात नोंद केली. 'पक्षी, नग बारा, अपेक्षित. दिनांक पाच.' शिक्कासुद्धा मारला. चार पिल्लं त्यानं बोलता बोलता अध्यक्षांना देऊन टाकली, तीन मेव्हण्याच्या बायकोला, उरलेली कुणाला ते तो बोलला नाही, पण घरी खुराडं करायला घेतलं एवढं मला माहीत आहे.

घरी येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, कोंबडी परत आणायला धावेल. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"रोज एकदा खाली उतरते ती. तेव्हा तिला पाणी आणि मूठभर दाणे द्या. विसरू नका."

"आणि जागेचं काय, वहिनी?"

"दाणे आधी," ती म्हणाली. पण रात्री ती फार वेळ अंथरुणात बसून होती. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं. अठ्ठावीस वर्षांत मी तिला असं नुसतं बसलेलं बघितलं नव्हतं.

दहा तारीख आली आणि गेली. अकराच्या बाजारात बादलीवाला मेव्हणा आपला माल घेऊन कोपऱ्यावर आला. वहिनी सकाळी पाचलाच जाऊन बसली होती. तो म्हणाला उठा, ती म्हणाली कागद दाखव. कागदावर अध्यक्षांची सही नव्हती, म्हणून उठवता येईना. मग त्यानं तिच्या शेजारीच बादल्यांची उतरंड रचली. दिवसभर एक वाकडी बादली वहिनीच्या डोक्यावर लोंबत होती. गिऱ्हाईक घाबरून लांबूनच भाव विचारत होतं. पुढचे दोन बाजारही असेच गेले.

इकडं मी ठुसकीची चाकरी करत होतो. साहेब लोकांना चहा द्यायचा, ठुसकीला दाणे द्यायचे. खरं सांगायचं तर दोघांत ती बरी. खाऊन झालं की निदान आपलं आपण कामाला लागायची.

सव्वीसला अध्यक्ष आले. नातू झाला म्हणून खुशीत होते. नियमरावानं त्यांना टेकूही दिलं नाही, कागद पुढं केला. मेव्हणा नवा सदरा घालून बाकावर बसलाच होता. वहिनीही येऊन दारात उभी राहिली. बाहेर पाचदहा माणसं जमली. आमच्या गावात कुणाचं काही चाललंय हे कळायला कुणाला सांगावं लागत नाही.

"या बाईंनी मुदतीत दंड भरला नाही," नियमराव म्हणाला. "जागा रद्द करून या बादलीवाल्यांना द्यायची. इथं सही."

"खोटं आहे," वहिनी म्हणाली. "चार तारखेला बारा अंडी आणून दिली. या टेबलावर."

"आणली, पण कमिटीनं घेतली नाहीत. पावती आहे तुमच्याकडे? नाही ना? पावती नाही म्हणजे भरणा नाही."

अध्यक्षांनी पेन काढलं.

वहिनी आवाज न चढवता म्हणाली, "बरं. घेतली नाहीत. म्हणजे अंडी अजून माझीच?"

"तुमचीच, बाई. घेऊन जा," नियमराव घाईनं म्हणाला.

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून चिवचिव सुरू झाली. एकाची नाही, पुष्कळांची. मला ठाऊक होतं. सकाळीच फुटली होती, अकरा. एक अंडं वाया गेलं.

नियमरावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हिशेब केलेली तीन हजारांची कमाई तोंडातून "घेऊन जा" म्हणून निसटली होती. "थांबा," तो म्हणाला. "अंडी तुमची. पिल्लं कमिटीची. पिल्लं कमिटीच्या जागेत झाली."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मग तुझी बायको सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, पोर सरकारचं का रे?"

अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, "नियमराव, एक काहीतरी सांगा. पिल्लं आपली की यांची?"

"आपली, साहेब! अंडी आली तेव्हापासून आपली!"

"अंडी आली तेव्हापासून? मग भरणा झाला की."

"नाही नाही, भरणा नाही झाला. म्हणजे... घेतली नव्हती. पण..."

मेव्हणा बाकावरून खेकसला, "दाजी, पिल्लं सोडा! जागा बघा!"

"तीन हजार सोडू?" नियमराव त्याच्यावर उलटला. "तुझ्या बायकोलाच तीन द्यायची होती त्यातली!"

"ऑफिसात नोंद काही आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," नियमराव म्हणाला.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही, हे मला आठवतं. बघितलं असतं तर सोपं झालं असतं. ती समोर भिंतीकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एकोणीस वर्षांत त्या ऑफिसात मी 'हो साहेब' सोडून दुसरं काही बोललो नव्हतो.

"आहे, साहेब," मी म्हणालो.

मालमत्तेचं रजिस्टर काढून अध्यक्षांपुढं ठेवलं, आणि नुसतं ठेवलं नाही, तर मोठ्यानं वाचलंही. "पक्षी, नग बारा, अपेक्षित. दिनांक पाच." खाली शिक्का, खाली नियमरावाची सही.

बाहेरच्या माणसांनी जो गलका केला, त्यात अध्यक्षांचं हसणंही मिसळून गेलं. डोळे पुसत ते म्हणाले, "पाच तारखेला मालमत्ता आपली झाली. म्हणजे पाचच्या आत दंड भरला गेला. लिहा पावती. जागा बाईंची."

नियमरावानं पावती लिहिली. इतकं वाईट अक्षर मी त्याचं कधी बघितलं नव्हतं. मेव्हणा बाक लाथाडून निघून गेला. वहिनीनं पावती घेतली, माझ्याकडून वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचून घेतली आणि पोलक्यात ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली ते वेगळंच.

"पिल्लं तुमची, साहेब. माझं काही म्हणणं नाही. पण ठुसकी दंडात नव्हती. ती मी नेते."

मागच्या खोलीत जाऊन तिनं ठुसकीला काखोटीला मारलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली. अंगणात जाऊन कोंबडीला खाली सोडलं. ठुसकीनं एकदा मान वर केली आणि हाक घातली. खोलीतली अकराच्या अकरा पिल्लं धडपडत उंबऱ्याशी गोळा झाली. उंबरा वीतभर उंच. उडी मारायची, पडायची, पुन्हा मारायची. आतून ती ओरडतात, बाहेरून आई ओरडते.

"धर त्यांना!" नियमराव मला म्हणाला. "बघतोस काय? कमिटीची मालमत्ता आहे ती!"

माझ्या बगलेत रजिस्टर होतं. जाड, पुठ्ठ्याचं. मी खाली वाकलो, ते उंबऱ्याला तिरकं लावलं आणि बाजूला झालो. पिल्लं एकामागून एक त्यावर चढली आणि पलीकडं गेली. दोघांनी जाता जाता पुठ्ठ्यावर घाणही केली. नियमराव मला काय काय बोलला ते मी इथं सांगत नाही, त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही.

तो संध्याकाळी स्वतः आमच्या घरी आला. हातात पिशवी, भोकं पाडलेली.

"बाई, अकरा पिल्लं. मुकाट्यानं द्या."

"मी कधी नाही म्हटलं?" वहिनी म्हणाली. "या, परसात या."

परसात गेलो आणि मी चाट पडलो. चार तारखेलाच वहिनीनं घरी आणखी चार खुडूक कोंबड्या बसवल्या होत्या. खुराड्यामागं, आडोशाला, मला पत्ता नाही. मग ठुसकी त्या बिनकाचेच्या खिडकीतून आपली आपण गेली की कुणी आत सोडली, ते मी विचारलं नाही. त्यांचीही त्याच दिवशी फुटली होती. अंगणभर काळी पिल्लं पळत होती, पन्नास तरी असतील, सगळी एकसारखी.

नियमराव पिशवी उघडी धरून उभा राहिला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एकाला धरायला वाकला, तर ठुसकी त्याच्या अंगावर आली.

"अशी कुणाचीही उचलू नका हं," वहिनी म्हणाली. "गरिबाची पिल्लं नेलीत तर दंड होतो. तुमची तेवढी ओळखून घ्या."

"कशी ओळखू?"

"हाक मारा. कमिटीची असतील तर येतील."

त्यानं भिंतीपलीकडे कुणी बघत नाही ना ते बघितलं. मग खरंच वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "या... या..."

एकही आलं नाही. वहिनीनं कमरेची ओटी सोडून दाणे टाकले, तशी सगळीच्या सगळी तिच्या पायाशी जमली.

मी तोंडावर हात ठेवला होता, पण उपयोग झाला नाही. साहेबाच्या तोंडावर मोठ्यानं हसलो.